चार वर्षांच्या मुलीला मोबाईलवर सुरक्षित आणि शिकण्यासारखे काय दाखवावे?

तुमची मुलगी चार वर्षांची आहे, तुम्ही दोघेही नोकरी करता, दुपारी ती आजीजवळ असते आणि आजीच्या मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ पाहत राहते. अशा वेळी तिला सुरक्षित, शिकण्यासारखे आणि शक्यतो मराठीतले काय देता येईल, असे तुम्ही विचारले आहे. मी बालवाडीत शिकवते आणि हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो. त्यामुळे जे मी स्वतः वापरले आहे आणि लहान मुलांना आवडलेले पाहिले आहे, त्यातलेच सांगते.

नावे सांगण्याआधी मी निवड कशावरून करते ते सांगायला हवे, कारण नावे बदलत राहतात. ज्या गोष्टीला शेवट आहे, तीच मी लहान मुलाला देते. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागायचे आणि कार्यक्रम संपला की संपला, मग आम्ही उठून खेळायला जायचो. आजच्या व्हिडिओंच्या रांगेला शेवटच नाही. एक संपण्याआधी दुसरा तयार असतो, आणि तो कोणता असावा हे तुमच्या घरातले कोणीही ठरवलेले नसते. चार वर्षांच्या मुलाकडे स्वतःहून थांबण्याची ताकद नसते, ती त्या वयात अपेक्षितही नाही. म्हणून मूल हट्टी झाले आहे असे मानण्यापेक्षा त्याच्या हातात न संपणारी वस्तू दिली गेली आहे, हे आधी ओळखावे. जेवताना आपण ताटात वाढतो, पातेले मुलापुढे ठेवत नाही. इथेही तसेच करायचे आहे.

सुरक्षिततेचा प्रश्नही या रांगेशीच जोडलेला आहे. 2017 मध्ये जगभरातल्या पालकांच्या लक्षात आले की मुलांच्या ओळखीच्या कार्टून पात्रांना घेऊन केलेले अत्यंत भीतिदायक आणि हिंसक व्हिडिओ यूट्यूबवर, आणि त्यातले काही खास मुलांसाठीच्या यूट्यूब किड्सवरसुद्धा, पोहोचले होते. वरचे चित्र आणि शीर्षक निरागस असल्यामुळे चाळणी लावणाऱ्या यंत्रणेलाही ते ओळखता आले नव्हते. त्यानंतर बरेच नियम कडक झाले. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याबद्दल 2019 मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला 17 कोटी डॉलरचा दंड झाला आणि 2020 पासून मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया आणि पाहणाऱ्याची माहिती वापरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद करण्यात आल्या. सुधारणा खरी आहे. तरीही ‘किड्स’ या शब्दावर विसंबून फोन मुलाच्या हाती देऊन स्वयंपाकघरात जावे, इतकी ती पुरेशी नाही.

आजींच्या फोनवर व्हिडिओ दाखवायचेच असतील, तर नेहमीचे यूट्यूब न उघडता यूट्यूब किड्स उघडावे. भारतात ते 2016 पासून उपलब्ध आहे. मुलीचे खाते तयार करताना वयाचे गट समोर येतात आणि बहुतेक पालक चार वर्षांपर्यंतचा गट निवडून पुढे जातात. त्याऐवजी ‘सामग्री स्वतः मंजूर करा’ असा जो पर्याय आहे, तो निवडावा. मग तुम्ही ज्यांना मंजुरी दिली तेवढेच व्हिडिओ तिला दिसतात आणि शोधण्याची सोयही बंद होते. मंजुरी देताना संपूर्ण चॅनेलला देऊ नये, एकेका व्हिडिओला द्यावी, कारण चॅनेलवर उद्या काय येईल ते आज माहीत नसते. रविवारी अर्धा तास बसून दहाबारा व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण पाहावेत आणि मगच मंजूर करावेत. लहान मुलांना तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहायला आवडतो, त्यामुळे एवढ्या व्हिडिओंवर कित्येक आठवडे निघतात. ॲपमधल्या कुलुपाच्या चिन्हाआड वेळ लावण्याची सोय आहे. ठरवलेली मिनिटे संपली की ॲप स्वतःच बंद होते आणि ‘आजीने बंद केले’ असा रोष आजीवर येत नाही. त्या कुलुपाला स्वतःचा पासकोड लावून घ्यावा, कारण तो नसला तर ॲप पालकांना गुणाकार विचारते आणि घरात तिसरी-चौथीतले भावंड असेल तर ते गणित क्षणात सुटते.

आता व्हिडिओंच्या पलीकडे काय आहे ते सांगते. तुमच्या मुलीसाठी मला सर्वांत मोलाचे वाटते ते प्रथम बुक्स या संस्थेचे स्टोरीवीव्हर. 2015 मध्ये सुरू झालेले हे मुलांच्या चित्रपुस्तकांचे खुले संकेतस्थळ आहे. शेकडो भाषांतली पुस्तके तिथे मोफत वाचता येतात, मराठी पुस्तके भरपूर आहेत आणि जाहिराती नाहीत. पुस्तके वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली आहेत. तुमच्या मुलीसाठी पहिल्या पातळीची घ्यावीत, त्यांत एका पानावर एखाददुसरेच वाक्य असते. काही पुस्तके ऐकतही येतात, तेव्हा जो शब्द उच्चारला जातो तो पडद्यावर उजळतो. हे ज्यांनी मुलाबरोबर पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. अक्षरओळख नसलेले मूलसुद्धा काही दिवसांनी त्या उजळणाऱ्या शब्दाबरोबर बोट सरकवू लागते, ओळखीच्या गोष्टीतला पुढचा शब्द आवाज येण्याआधीच म्हणून टाकते आणि छापील ओळ डावीकडून उजवीकडे चालते ही गोष्ट कोणीही न शिकवता त्याला उमगते. एक सूचना मात्र करते: तिथे भाषांतर कोणालाही करता येते, त्यामुळे सगळ्याच पुस्तकांची मराठी सारखी चांगली नाही. काहींची वाक्ये कानाला खटकतात. आधी आपण मोठ्याने वाचून पाहावे आणि वाक्य सहज जिभेवर बसले तरच ते पुस्तक तिच्यासाठी ठेवावे. पुस्तके उतरवून घेता येतात आणि त्यांचा परवानाच असा आहे की छापून घ्यायलाही हरकत नाही. मुलीला जे फार आवडेल ते छापून, शिवून तिच्या हातात द्यावे. त्यावर तिला खुशाल रंग भरू द्यावेत.

दुसरे नाव अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या संकेतस्थळाचे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षे काम केले, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करावीत याच्या त्यांच्या छोट्या फिती मराठीतही आहेत. एका फितीत एकच खेळणे असते. ते तयार झाले की फीत संपते. पण मला त्या आवडतात त्या पुढे जे घडते त्यासाठी. कागदाची एक पट्टी घेऊन वरून निम्म्यापर्यंत उभी चीर द्यायची, झालेली दोन पाती एक पुढे आणि एक मागे वळवायची, खालचे टोक दुमडून थोडे जड करायचे आणि खुर्चीवर उभे राहून सोडून द्यायचे. ती भिंगरी गरगरत खाली येते. पाती उलट बाजूंना वळवली की ती उलट दिशेने फिरते आणि खाली कागद एकत्र धरणारी क्लिप लावली की लवकर पडते. हे मुलांना सांगायचे नाही. ती आपणहून पाती उलटी करतात, पुन्हा सोडतात, आणि मग कोणाची अधिक वेळ फिरते यावरून वर्गात गलका होतो. एवढ्याशा फितीतून तासभराचा खेळ उभा राहतो आणि त्या तासात फोनची आठवणही कोणाला होत नाही. कात्री आपल्या हातात ठेवावी, सुट्या काड्या, मणी, छर्रे लागतील अशी खेळणी तूर्त टाळावीत आणि फीत आधी स्वतः पाहून घ्यावी, कारण त्यांतली बरीच खेळणी मोठ्या मुलांसाठी आहेत.

इंग्रजीची ओळख व्हावी असे वाटत असेल तर खान अकॅडमी किड्स हे ॲप घ्यावे. ते साधारण दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे, पूर्णपणे मोफत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. मराठी नाही, त्यामुळे शेजारी मोठे माणूस असेल तरच त्याचा खरा उपयोग होतो. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर टक्स पेंट हे मोफत चित्रकलेचे सॉफ्टवेअर घालावे. ते इंटरनेटशिवाय चालते आणि माऊस धरणारा हात त्यावर लवकर तयार होतो.

एक नाव माझ्या विशेष आवडीचे आहे आणि ते लहान मुलांसाठी म्हणून बनवलेलेही नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे मर्लिन हे मोफत ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून पक्षी ओळखते. भारतातल्या पक्ष्यांचा संच एकदा उतरवून घेतला की सकाळी गॅलरीत किंवा अंगणात फोन धरून शांत उभे राहायचे. जो पक्षी बोलतो त्याचे चित्र आणि नाव पडद्यावर येते आणि तो पुन्हा बोलला की ते नाव पुन्हा उजळते. मराठी नाव आपण सांगावे: हा बुलबुल, हा दयाळ, हा एवढ्या मोठ्याने ओरडणारा इवलासा शिंपी. ॲप कधी कधी चुकते, तेव्हा पक्षी प्रत्यक्ष शोधून खात्री करायची, आणि मुलांना हा शोध फार आवडतो. फोन हातात असूनही मुलीचे डोळे झाडाकडे असतात, ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही ॲपने मला दाखवलेली नाही.

काय देऊ नये, हेही स्पष्ट सांगते. ‘शैक्षणिक’ अशी पाटी लावलेले बरेचसे मोफत खेळ हे जाहिरातींचे वाहक असतात. जाहिरात बंद करण्याची फुली इतकी बारीक असते की मुलाचे बोट तिच्यावर न पडता जाहिरातीवरच पडते आणि पुढे काय उघडेल याचा भरवसा नसतो. कोणताही खेळ देण्याआधी आपण तो पंधरा मिनिटे खेळून पाहावा. जाहिरात कितव्या मिनिटाला येते आणि कशाची येते ते तेव्हाच कळते. फोन विमान मोडवर टाकून खेळ चालतो का तेही पाहावे, कारण चालत असेल तर जाहिरातींचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो. अक्षरगीतांचे जे व्हिडिओ दर दोन सेकंदांनी दृश्य बदलतात, त्यांतून मूल गाणे पाठ करते, अक्षर शिकत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, फोटो किंवा शाळा विचारणारे ॲप असेल तर ते काढून टाकावे. भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, परंतु घाईघाईत ‘मान्य’ दाबून ती संमती देणारेही आपणच असतो.

वेळेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण त्यावाचून उत्तर अपुरे राहील. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले असेही म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन ते पाच वर्षांसाठी एका तासाचाच आहे. हा तास एकसलग देऊ नये. जेवताना आणि झोपण्याआधी तर अजिबात देऊ नये. घास भरवण्यासाठी फोन लावण्याची सवय मोडायला घरातल्या सगळ्यांनाच त्रास होतो, म्हणून ती लागू न देणेच सोपे. परगावी असलेल्या आजोबांशी किंवा मावशीशी व्हिडिओवर बोलणे मात्र मी या तासात धरत नाही, कारण तिथे पलीकडचे माणूस तिच्या बोलण्याला उत्तर देते.

शेवटी आजींविषयी. दुपारभर मूल सांभाळणे कष्टाचे काम आहे आणि त्यांना नियमांची यादी देऊन तुम्ही कामावर निघून जाणे मला योग्य वाटत नाही. सगळी तांत्रिक व्यवस्था रविवारी तुम्हीच करून ठेवावी. पैशांची ॲपे असलेला फोन मुलीच्या हाती जाऊ नये. शक्य असेल तर सिमकार्ड काढलेला एखादा जुना फोन तिच्यासाठी वेगळा ठेवावा, त्यावर आठवड्यापुरती पुस्तके आणि फिती आधीच उतरवून घ्याव्यात आणि वाय-फाय बंद करावे. वेगळा फोन नसेल तर अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ॲप पिनिंग असते आणि आयफोनमध्ये गायडेड ॲक्सेस. ते चालू करून त्याला पासवर्डची अट लावली की उघडलेल्या ॲपमधून पासवर्डशिवाय बाहेर जाता येत नाही. हे चालू-बंद कसे करायचे ते आजींना शेजारी बसून, त्यांच्याच हाताने दोनदा करवून दाखवावे. आणि स्टोरीवीव्हरवरची दोनचार पुस्तके त्यांच्यासाठी अक्षर मोठे करून उघडून ठेवावीत. ध्वनिमुद्रित आवाजापेक्षा आजीच्या आवाजातली गोष्ट मूल जास्त वेळ ऐकते, मध्येच प्रश्न विचारते, आणि त्या गोष्टीतून आजींची स्वतःची एखादी गोष्ट निघाली तर फोन बाजूला ठेवायला कोणी सांगावे लागत नाही.