आउटडोअर फ्लॅशसाठी काय घ्यावं: इन्व्हर्टर, पॉवर स्टेशन की बॅटरीवाला फ्लॅश?

तुमच्याकडे ३०० वॉट-सेकंदाचे (वॉट-सेकंद म्हणजे एका फ्लॅशचा जोर) दोन स्टुडिओ मोनोलाइट, म्हणजे घरच्या विजेवर चालणारे मोठे फ्लॅश आहेत, आणि एक स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा सेलवरचा छोटा फ्लॅश. ते प्री-वेडिंगसाठी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला न्यायचेत, तर इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी, पॉवर स्टेशन (इन्व्हर्टर आतच असलेला मोठा बॅटरीचा डबा) घ्यावं की नवा बॅटरीवाला फ्लॅश, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्येच लग्नाची कामं करतो. माझं उत्तर आधीच सांगतो: २०० वॉट-सेकंदाचा, स्वतःची लिथियम बॅटरी असलेला एक फ्लॅश घ्या आणि मोनोलाइट स्टुडिओतच राहू द्या.

मी आधी इन्व्हर्टरचाच रस्ता धरला होता. घरात पडून असलेला जुना इन्व्हर्टर आणि गाडीची बॅटरी घेऊन धरणावर गेलो. सूर्य टेकायला वीसेक मिनिटं होती. पहिले आठ-दहा फ्लॅश छान पडले, मग इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि ट्रिप झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा ट्रिप. तोवर पाण्यावरचा रंग गेला. मुलीच्या घरचे सिन्नरहून आले होते. त्यांना दुसऱ्या दिवशी परत यायला सांगावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चूक बॅटरीच्या साइजमध्ये नव्हती. मोनोलाइट पंख्यासारखा सावकाश वीज खात नाही. फ्लॅश पडला की आतला कपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग) रिकामा होतो आणि तो दीड-दोन सेकंदांत भरायला एकदम जोराचा करंट ओढतो. ३०० वॉट-सेकंदाच्या एका फ्लॅशमागे बॅटरीतून साधारण साडेचारशे ज्यूल (ज्यूल म्हणजेच वॉट-सेकंद) जातात, कारण तिसरा हिस्सा उष्णतेत जातो. ते दीड सेकंदात भरायचे म्हणजे सरासरीच ३०० वॉट. सुरुवातीचा झटका त्याहून कितीतरी मोठा, आणि तुमचे लाइट दोन आहेत. शिवाय माझा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता, ज्यावर घरातला पंखा घूं-घूं करतो तसला. त्यावर मोनोलाइटची सर्किट तापतात, खराबही होतात. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी सरळ लहर देणारा) घ्या, आणि फ्लॅशच्या कंपनीने तो चालेल असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय का ते आधी बघा. पॉवर स्टेशनलाही हेच लागू. आणि मॉडेलिंग लॅम्प (उजेड कुठे पडेल ते दाखवणारा मोनोलाइटमधला सतत जळणारा दिवा) आधी बंद करा! १५० वॉटचा लॅम्प तासाभरात १५० वॉट-तास खातो. तुमच्या एका लाइटचे फुल पॉवरचे २०० फ्लॅश त्याच्या सहाव्या हिश्शात होतात.

बॅटरीची तुलना करताना एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) आकड्यावर जाऊ नका, कारण व्होल्टेज वेगळं असलं की तो आकडा काहीच सांगत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे वॉट-तास काढा. मी म्हणतो तसल्या २०० वॉट-सेकंदाच्या गोडॉक्स एडी२०० फ्लॅशची बॅटरी १४.४ व्होल्ट, २.९ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४२ वॉट-तास. त्यावर कंपनी फुल पॉवरचे ५०० फ्लॅश सांगते. बाजारात सगळीकडे मिळणारी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी ८४ वॉट-तासांची असते. पण तिचं वजन दोन किलोच्या वर, आणि ती टिकवायची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. मग हातात उरतात तेच ४२! त्यात इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो ते वेगळंच. फुल पॉवर रोज लागतही नाही. पाव पॉवरवर एडी२०० ची बॅटरी चौपट फ्लॅश देते, आणि संध्याकाळच्या उजेडात मी बहुतेक वेळ पाव ते अर्ध्यावरच असतो.

भर दुपारी काम असेल तर मात्र गणित बदलतं. हाय-स्पीड सिंकला (नेहमीच्या मर्यादेपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश वापरायची सोय) गेलात की फ्लॅशचा जोर दोन स्टॉप तरी पडतो, म्हणजे पावावर येतो, आणि बॅटरी भरभर उतरते. त्यापेक्षा लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावून शटर १/२०० वर ठेवा. ते जमणार नसेल आणि अशी कामं नेहमीची असतील, तरच ४०० किंवा ६०० वॉट-सेकंदाचा विचार करा.

तुमच्या स्पीडलाइटबद्दल थोडक्यात. अल्कलाइन सेल टाकू नका. त्यांचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे थोड्याच फ्लॅशनंतर रीसायकलची, म्हणजे फ्लॅश पुन्हा भरण्याची, वाट बघत बसावं लागतं. चांगले एनआयएमएच (पुन्हा चार्ज होणारे) सेल चार-चारच्या संचात घ्या, संचावर नंबर टाका, नवे-जुने मिसळू नका. यूएसबी पॉवर बँकेवर स्पीडलाइट चालेल अशा भरवशावर राहू नका, कारण ५ व्होल्टचा तो सप्लाय बहुतेक स्पीडलाइटना घेताच येत नाही. सिंहस्थात रामकुंडावर काम करायचा विचार असेल तर तिथे हाच स्पीडलाइट खरा, गर्दीत स्टँड उभा करायला जागाच नसते.

नाशिकचा उन्हाळा बॅटरीचा वैरी आहे. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत बॅग ठेवून जेवायला जाऊ नका, बॅग बरोबर घ्या. फ्लॅशने गरम झाल्याची खूण दाखवली की दहा मिनिटं सावलीत ठेवा. पावसाळ्यात कामं नसतात तेव्हा बॅटरी अर्धी चार्ज करून फ्लॅशमधून काढून ठेवा. बॅकवॉटरला वारा फार असतो आणि सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करायला फ्लॅशवर लावतात ती कापडी पेटी) शिडासारखा वारा धरतो, म्हणून स्टँडच्या पायाशी वजन लटकवाच. जड बॅटरीपॅकचा तेवढा एक उपयोग मी मान्य करतो.

पुढेमागे ओझरहून विमानाने गोव्याच्या लग्नाला जायची वेळ आली, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या सहसा चालतात, १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, त्यापुढे नाही. त्यामुळे मोठं पॉवर स्टेशन घरीच राहील.

घेण्याआधी एक करा. असा २०० वॉट-सेकंदाचा फ्लॅश एका संध्याकाळपुरता भाड्याने आणा आणि बॅकवॉटरला घरातलं कुणीतरी सूर्याकडे पाठ करून उभं करा. फ्लॅश सॉफ्टबॉक्ससह दीड मीटरवर, आयएसओ १००, शटर १/२००, अपर्चर एफ/८. अर्ध्या पॉवरवर चेहरा नीट उजळला तर २०० पुरे. फुल पॉवरवरही काळवंडलेला राहिला तर ४०० चा बघा. दोन्ही वेळी जादा एक बॅटरी बजेटमध्ये धराच.