चेहरा आधी कोणी दुरुस्त केला?

प्रश्न: ताई, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. इन्स्टाग्रामवर फोटो टाकते आणि तासाभरात पुरेसे लाइक आले नाहीत की काढून टाकते. ‘माझं नाक फेंदारं आहे का?’, ‘मी काळी दिसते का?’ असं सारखं विचारते. तू छान आहेस, असं मी रोज सांगते. (वाढदिवसाला मी तिचा फोटो जरा उजळ करून, मुरमं काढून स्टेटसला ठेवला, तर केवढं कौतुक झालं!) तरी तिला पटत नाही. तिचे बाबा म्हणतात, फोनच काढून घे. काय करू?

उत्तर: कंसातलं वाक्य लिहिलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मीही इन्स्टाग्रामच्याच नावाने बोटं मोडत बसले असते.

मुलीचा वाढदिवस. आणि तिच्या आईने आधी तिची मुरमं पुसली, रंग उजळला, मग ती नातेवाइकांना दाखवली. कौतुक झालं ते भलत्याच मुलीचं. लेकीने ते स्टेटस पाहिलंच असणार, आणि या वयात स्वतःच्या फोटोतला बदल नजरेतून सुटत नाही. आपण आहोत तशा आईलासुद्धा चारचौघांत दाखवाव्याशा वाटत नाही, एवढं तिला कळलं. आता रोजच्या ‘छान आहेस’वर तिने विश्वास का ठेवावा?

इन्स्टाग्राम साळसूद आहे असं नाही. २०२१ मध्ये फेसबुकची (इन्स्टाग्राम त्यांचंच) अंतर्गत कागदपत्रं फुटली. त्यांच्याच पाहणीत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं की, आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते आणखी वाढतं. वाढतं, हं. मुळात वाईट वाटायला सुरुवात कुठे होते, ते त्या कंपनीला विचारून कळायचं नाही.

आज रात्रीच मूळ फोटो शोधा, तिच्या खोलीत जा आणि सांगा, ‘हा फोटो मी तुला न विचारता बदलला होता. माझं चुकलं.’ बास. ‘पण तू सुंदरच आहेस गं’ हे शेपूट लावू नका. रूपाचा विषयच तिथे नको. ती चिडेल, कदाचित ‘मला माहीत होतं’ म्हणेल. ऐकून घ्या, सफाई देऊ नका. यापुढे तिचा एकही फोटो तिला विचारल्याशिवाय कुठे जाणार नाही, घरच्या ग्रुपवरही नाही. आणि कोणी तिच्यासमोर ‘पोरगी किती उजळली’ म्हणालंच, तर तिथल्या तिथे सांगा की तो रंग फोनने लावला होता.

लाइकचे आकडे इन्स्टाग्रामवर लपवता येतात, दुसऱ्यांच्या पोस्टवरचे आणि आपल्याही. ते तिला दाखवा, पण लपवायचे की नाही हे तिला ठरवू द्या. तुम्हीही स्टेटस कोणी कोणी पाहिलं ते उघडून बघणं सोडा. (बघता ना?)

बाबांना सांगा, फोन राहू दे. काढून घेतला तर मैत्रिणीच्या फोनवर बघेल आणि घरात बोलायची बंद होईल. मात्र ती जेवण टाळू लागली, घराबाहेर पडेनाशी झाली किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलली, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका; लगेच डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा.