चारही याद्यांत आहे, पण उत्तरात नाही

प्रश्न : आमच्या वाचनालयाकडे पुस्तकवाटपाच्या चार वर्षांच्या याद्या असून प्रत्येकीत सुमारे १,५०० गावे आहेत. चारही वर्षी पुस्तके मिळालेली गावे काढण्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एकात एक असे चार लूप (यादीतील नावे एकेक करून घेणाऱ्या आवृत्त्या) लिहिले. वीस-वीस नावांवर प्रोग्राम चालला, पण पूर्ण याद्यांवर रात्रभर संपला नाही. मग सेट, म्हणजे कोणतेही नाव एकदाच ठेवणारे संच, वापरले. उत्तर क्षणात आले, मात्र त्यात कऱ्हाड नाही. डोळ्यांना ते चारही याद्यांत दिसते. चूक कुठे आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली पहिली अडचण निव्वळ गुणाकाराची होती. वीस नावांच्या चार याद्यांत १ लाख ६० हजार जुळण्या तपासाव्या लागतात. १,५०० नावांच्या चार याद्यांत त्यांची संख्या पाच लाख कोटींच्या वर जाते. सेटमध्ये प्रत्येक नावावरून एक अंक, म्हणजे हॅश, काढला जातो आणि नाव कोणत्या कप्प्यात असेल ते त्यावरून थेट कळते. त्यामुळे तीन याद्यांचे सेट करून चौथीतील प्रत्येक नाव त्यांत पाहिले, तर सारे काम नऊ हजारांच्या आसपास पायऱ्यांत आटोपते. चौथ्या यादीचा क्रमही राखता येतो, जो सेटमधील सामाईक नावे काढणाऱ्या नुसत्या इंटरसेक्शनमध्ये हरवतो.

कऱ्हाडचे कोडे मात्र अधिक महत्त्वाचे आहे, कारण अशी चूक कोणताही इशारा न देता उत्तर बिघडवते. यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सेटच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. संशयास्पद नावाची लांबी ‘लेन’ने मोजून पाहा, पहिल्या पद्धतीच्या कऱ्हाडची लांबी ६ भरेल, दुसऱ्या पद्धतीच्या कऱ्हाडची ७. नावाच्या आगेमागे राहिलेल्या मोकळ्या जागा ‘स्ट्रिप’ काढून टाकते, पण हे चिन्ह शब्दाच्या पोटात असल्याने तिथे तिचा उपयोग नाही. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरण र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून ऱ करते, पण जॉइनरच्या रूपाला हात लावत नाही. म्हणून सेट करण्यापूर्वीच ‘रिप्लेस’ने र, हलन्त आणि जॉइनर ही तीन चिन्हे काढून त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे, आणि हे चारही याद्यांवर करावे.

एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत असतील, तर नुसते नाव न घेता तालुका आणि गाव अशी टपलची, म्हणजे एकत्र बांधलेल्या मूल्यांची, जोडी सेटमध्ये घाला. नाहीतर वेगळी गावे एकच ठरतील.

एवढे झाल्यावर ‘काउंटर’ या पायथनमधील मोजणीच्या साधनाने प्रत्येक नाव किती सेटमध्ये आहे ते मोजा आणि चारऐवजी तीनच ठिकाणी सापडलेली नावे छापून घ्या. एखाद्या वर्षी कुणी ‘कराड’ लिहिले असेल, तर कऱ्हाड या छोट्या यादीत येईल. तो फरक प्रोग्रामला कळणार नाही, आपल्याला कळेल.