'इग्रीजस' म्हणजे वाईट की नामवंत?

आपण विचारलंय : बँक गॅरंटीवरच्या एका निकालात 'फ्रॉड'च्या आधी 'इग्रीजस' (egregious) असं इंग्रजी विशेषण आहे, शब्दकोशात मात्र त्याचा एक अर्थ 'नामवंत' दिलाय. मग न्यायालयाला म्हणायचंय काय?

'नामवंत' हा जुना अर्थ. आजच्या इंग्रजीत हा शब्द फक्त वाईट गोष्टीला लागतो, आणि तीही साधीसुधी नव्हे, ढळढळीत वाईट.

लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपाबाहेर उठून दिसणारा तो 'एग्रेगियस'. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा थोरामोठ्यांनाच लावायचे. पण त्याच शतकात लोक तो उपरोधाने वापरू लागले असावेत, आणि उपरोधाचाच अर्थ कायम झाला. आपल्याला हे नवं नाही. 'काय प्रताप करून आलास?' असं आई विचारते तेव्हा कौतुक नसतं, आणि 'हे महाभाग' म्हटलं की पुढे तक्रारच येणार. इटालियनमध्ये मात्र या शब्दाचा मान टिकून आहे. तिथे औपचारिक पत्राची सुरुवात आजही 'एग्रेजो' अशी आदराने करतात.

आता आपला निकाल. बँक गॅरंटी म्हणजे ठेकेदाराच्या वतीने बँकेने मालकाला दिलेलं, पैसे देण्याचं स्वतंत्र वचन. मूळ करारात मालक आणि ठेकेदार कितीही भांडोत, मागणी गॅरंटीच्या अटींप्रमाणे आली की बँकेने पैसे द्यायचे. न्यायालय ते सहसा अडवत नाही. उत्तर प्रदेश राज्य साखर महामंडळ विरुद्ध सुमॅक इंटरनॅशनल या खटल्यात (१९९७च्या एससीसीत, म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' या निकालसंग्रहात छापलेला) सर्वोच्च न्यायालयाने दोन अपवाद मांडले : एक, कधीच भरून न येणारं नुकसान, दुसरा, व्यवहाराचा पायाच उखडणारी 'इग्रीजस' फसवणूक. म्हणजे नुसतं 'आम्हाला फसवलं' म्हणून भागत नाही. नेहमीच्या फसवणुकींच्या कळपातून ही वेगळी उठून दिसली पाहिजे. सगळा भार त्या एका विशेषणावर आहे.

मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो. सुरुवातीला एकदा मी इथे 'मोठी फसवणूक' लिहिलं होतं. ज्येष्ठ वकिलांनी ते खोडलं आणि म्हणाले, 'मोठी म्हणजे किती रुपयांची?' त्यांचं बरोबर होतं. रक्कम लहान असूनही फसवणूक इग्रीजस असू शकते. तेव्हापासून मी 'घोर फसवणूक' लिहितो. 'उघड' मी टाळतो, कारण 'फ्लॅग्रंट'ला तो जास्त शोभतो. तिथे जोर राजरोसपणे, न लाजता करण्यावर असतो. इग्रीजसमध्ये कृत्य किती हद्दीबाहेरचं आहे यावर.

स्वतः लिहिताना चूक, अन्याय, उल्लंघन, गैरवर्तन अशा शब्दांआधी तो बसतो. स्पेलिंगची चूक इग्रीजस नसते. रुग्णाचा उजवा पाय सोडून डाव्यावर शस्त्रक्रिया होणं, ही असते. आणि कुणाच्या शिफारसपत्रात स्तुती म्हणून तो घालू नका, वाचणारा उलटाच अर्थ घेईल.

उच्चार करताना जोर 'ग्री'वर द्या.