मुंबईत तयार झालेली कार-टी थेरपी सगळ्या कॅन्सरवर चालते का?

नाही. सध्या ती रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरसाठीच आहे. स्तन, फुफ्फुस, तोंडाचा कॅन्सर असेल तर हा पर्याय नाही; व्हॉट्सॲपवर काहीही फिरू दे.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या या थेरपीचं नाव नेक्सकार१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. बी-पेशींचा (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर किंवा ल्युकेमिया म्हणजे रक्त-अस्थिमज्जेचा कॅन्सर नेहमीच्या उपचारांना दाद देत नसेल किंवा उलटला असेल, तेव्हा ती देतात.

रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आणखी एक लढाऊ प्रकार, वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत एक नवं जनुक घालतात. त्यामुळे त्यांना बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखता येते. मग त्या वाढवून सलाईनसारख्या शिरेतून परत देतात. गोम अशी की ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात आणि पुढे काही काळ जंतुसंसर्गाचा धोका राहतो. सुरुवातीला तीव्र तापासारखी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून रुग्णालयात राहावं लागतं.

चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. प्रतिसाद म्हणजे कायमचा बरा, असं मात्र धरू नका. खर्च साधारण ३० ते ४० लाख, परदेशात काही कोटी. ‘स्वस्त’ म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. आधी रक्तविकारतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवा, पैशांची जुळवाजुळव नंतर.