कार्ड जिवंत आहे, कर्नल म्हातारा आहे

प्रश्न: दादा, मी कळव्याला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून नवा लॅपटॉप घेतला आणि घरी आल्या आल्या मोठ्या भावाच्या पेनड्राइव्हवरून डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. बाकी सगळं झकास, पण वायफायच नाही, सेटिंगमध्ये ॲडॅप्टर सापडला नाही असं येतं. दुकानदार म्हणतो विंडोज टाकून आण मग बघू. कार्ड खराब आलंय का? यूएसबीला लावायचा सातशेचा वायफाय डोंगल घेऊ का?

उत्तर: डोंगल राहू दे रे, आधी पाच मिनिटं टर्मिनलसमोर बस. एलएसपीसीआय लिही, स्पेस दे, मग डॅश एनएनके. भली मोठी यादी येईल, त्यात नेटवर्क कंट्रोलर शोध. त्या ओळीत चौकटी कंसात १०ईसी, कोलन, बी८५२ दिसलं तर ते रिअलटेकचं ८८५२बीई, आणि तुझं वर्णन वाचून मला तोच संशय आहे. आता त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघ. नसेल तर कार्ड मशीनला दिसतंय, फक्त त्याच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, आत नाही. कार्ड खरंच मेलेलं असतं तर बहुतेक यादीत नावच आलं नसतं.

झालंय काय, तर लिनक्सवर बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटातच येतात. डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये, पण आतला कर्नल ६.१, म्हणजे डिसेंबर २०२२ चा, आणि या कार्डाचा ड्रायव्हर आला ६.२ मध्ये, फेब्रुवारी २०२३ ला. दोन महिन्यांनी लोकल चुकली! आणि डेबियनवाले एकदा कर्नलचा आकडा धरला की धरला, नंतर फक्त दुरुस्त्या येतात, त्यामुळे रोज अपडेट मारत बसलास तरी काही होणार नाही.

लॅपटॉपमध्ये अजून काही साठवलं नसेल तर सरळ डेबियन १३ टाक, ते ऑगस्ट २०२५ चं आहे, कर्नल ६.१२, विषय संपला. सगळं सेट करून बसला असशील आणि पुसायचं जिवावर येत असेल तर बॅकपोर्ट्स, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नव्या आवृत्त्या ठेवणारं भांडार, चालू करून तिथला नवा कर्नल घे, सोबत रिअलटेकचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) पॅकेजही तिथलंच घे. रीस्टार्टनंतरही वायफाय आलं नाही तर टर्मिनलमध्ये डीमेसेज चालव, त्यात कर्नलच्या नोंदी दिसतात, तिथे या ड्रायव्हरचं नाव आरटीडब्ल्यू८९ शोध, फर्मवेअर लोड झालं नसेल तर तिथे स्पष्ट बोंब मारलेली असते.

कुणीतरी सांगेल की ड्रायव्हरचा सोर्स उतरव आणि स्वतः कंपाइल कर. मी ऐरोलीला असताना केलेत ते उद्योग, दुसऱ्या एका कार्डासाठी, कर्नल अपडेट झाला की वायफाय गायब, आणि ते नेमकं कामाच्या सकाळी. त्यात सिक्युअर बूट, म्हणजे फक्त डिजिटल सही असलेलंच चालू देणारी सोय, चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही, मग तासभर डोकं धरून बसायचं.

राहता राहिलं, वायफायशिवाय हे सगळं उतरवायचं कसं. अँड्रॉइड फोन केबलने जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फक्त केबल डेटावाली घे, घरात पडलेल्या निम्म्या नुसत्या चार्जिंगच्या असतात आणि मग माणूस उगाच लॅपटॉपला शिव्या घालतो.