अमेरिकेतील ‘नॅशनल कॅरोसेल डे’ मुलांबरोबर कसा साजरा करावा?

आपण न्यू जर्सीत नुकतेच राहायला आला आहात, आपल्या पाच आणि नऊ वर्षांच्या मुलींनी उन्हाळी शिबिरात २५ जुलैच्या ‘नॅशनल कॅरोसेल डे’विषयी ऐकले आहे आणि त्या दिवशी काय करायचे, असा त्यांनी घरी धोशा लावला आहे, असे आपण लिहिले आहे. त्या दिवशी सुट्टी नसते, हे आधीच सांगितलेले बरे. अमेरिकेत अशा ‘दिवसां’चा सुकाळ आहे आणि त्यांतले निम्मे तरी दुकानदारांनी काढले असावेत, असा मला संशय आहे. हा दिवस मात्र मला आवडतो, कारण त्याच्या निमित्ताने लाकडी घोड्यांचे जुने मेरी-गो-राउंड, म्हणजेच कॅरोसेल, नीट पाहिले जाते.

तारीख आली आहे ती एका पेटंटवरून. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथील विल्यम श्नायडर यांना २५ जुलै १८७१ रोजी कॅरोसेलच्या रचनेतील सुधारणेसाठी पेटंट मिळाले. फिरते घोडे त्याआधीही अमेरिकेत होतेच. त्यामुळे ही कॅरोसेलची जन्मतारीख आहे, असे मुलींना सांगू नये.

कागदी ताटल्यांचे घोडे कापणे, घोड्याच्या आकाराची बिस्किटे भाजणे असले उपक्रम आपल्याला इंटरनेटवर ढिगाने सापडतील. पाऊस पडला तर ते करावेत. एरवी माझा सल्ला असा, की हाताने कोरलेले एखादे जुने कॅरोसेल निवडावे, त्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि पहिल्या फेरीचे तिकीट काढण्यापूर्वी ते नुसते बाहेर उभे राहून दोन-तीन फेऱ्या पाहावे. अमेरिकेत या कलेचा भरभराटीचा काळ साधारण १८८० ते १९३० एवढाच होता. पुढे मंदी आली, कारखाने बसले आणि नंतरच्या काळात कितीतरी कॅरोसेलांचे घोडे सुटे सुटे लिलावात गेले. जी अखंड राहिली आहेत, त्यांचे म्हणूनच अप्रूप आहे.

बाहेर उभे राहिल्यावर मुलींना पहिला खेळ असा द्यावा: एखाद्या घोड्याची उजवी बाजू पाहायची आणि मग फेरी थांबल्यावर आत जाऊन त्याच घोड्याची डावी बाजू पाहायची. अमेरिकन कॅरोसेल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे प्रेक्षकांना नेहमी घोड्याची उजवी बाजू दिसते. कारागिरांनी सगळी हौस त्याच बाजूला पुरवून घेतली. वाऱ्यावर उडणारी आयाळ, गुलाबांच्या माळा, खोगिराच्या झालरी आणि काचेचे रंगीत खडे हे सारे उजवीकडे. डावीकडे बहुधा साधा पट्टा आणि सपाट रंग. या देखण्या बाजूला जाणकार लोक घोड्याची ‘रोमान्स साइड’ म्हणतात. ब्रिटनमधील कॅरोसेल उलट म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून तिथे नटलेली बाजू डावी असते.

दुसरा खेळ पायांचा. चारही पाय हवेत असलेला घोडा ‘जम्पर’, मागचे दोन टेकलेले आणि पुढचे दोन उचललेले असा तो ‘प्रान्सर’, आणि किमान तीन पाय जमिनीवर असलेला ‘स्टँडर’. खालीवर होतात ते जम्पर. स्टँडर जागचा हलत नाही, पण तोच सहसा बाहेरच्या रांगेत, सर्वांत मोठा आणि सर्वांत नक्षीदार असतो. सगळ्यांत सजवलेला एक ‘लीड हॉर्स’ही असतो, तो बाहेरच्या रांगेत, पुष्कळदा रथासारख्या बाकाच्या जवळ सापडतो. तो कोणता, यावर घरच्या मंडळींनी पैज लावावी आणि निकाल तिथल्या चालकाला विचारावा. गर्दी नसेल तर ही माणसे आनंदाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

नऊ वर्षांच्या मुलीला थोडे गणितही आवडेल. समजा, चक्र मिनिटाला चार वेळा फिरते आणि बाहेरचा घोडा मध्यापासून सहा मीटरवर आहे. तर तो ताशी सुमारे नऊ किलोमीटर वेगाने जातो. चार मीटरवरच्या आतल्या घोड्याचा वेग सहाच भरतो. दोघींनी एकदा आत आणि एकदा बाहेर बसून पाहावे, म्हणजे हा फरक अंगाला वाऱ्यावरूनच कळतो. वर मान केली तर छताजवळ वाकड्या दांड्या फिरताना दिसतात. घोड्याचा पितळी खांब त्यांनाच टांगलेला असतो आणि त्या वाकड्या असल्यामुळेच घोडा खालीवर होतो.

आता कुठे जावे, ते सांगतो. आपल्याला सर्वांत जवळ पडेल ते ब्रुकलिन ब्रिजच्या पायथ्याशी, नदीकाठच्या काचेच्या मंडपातले जेन्स कॅरोसेल. फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीने ते १९२२ मध्ये बनवले आणि ओहायोतील यंगस्टाउनच्या आयडोरा पार्कमध्ये ते कित्येक दशके चालले. १९८४ मध्ये ते उद्यान आगीत सापडल्यावर जेन आणि डेव्हिड वॉलेन्टस या दांपत्याने लिलावात ते अख्खेच्या अख्खे विकत घेतले. जेनबाईंनी वर्षानुवर्षे खपून रंगांचे थर खरवडले आणि मूळ रंग शोधून काढले. सेंट्रल पार्कमधले कॅरोसेल १९०८ चे आहे, त्यावर ५७ कोरीव घोडे आहेत. त्याच जागी १८७१ मध्ये जे पहिले कॅरोसेल होते, ते तळघरात जुंपलेले जनावर फिरवत असे, ही गोष्ट मुलींना नक्की सांगावी.

तथापि, एक पूर्ण दिवस हाताशी असेल आणि पुढचा शनिवार-रविवार चालणार असेल, तर मी दुसरे काहीही न सुचवता न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनचे नाव घेईन. मोटारीने तिथे पोहोचायला आपल्याला साधारण तीन तास लागतील. एंडिकॉट-जॉन्सन या बुटांच्या कंपनीचे मालक जॉर्ज एफ. जॉन्सन यांनी १९२० ते १९३४ या काळात या परिसरातील उद्यानांना सहा कॅरोसेल दान दिली, आणि अट घातली, की फेरीसाठी कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत. लहानपणी खिशात पैसे नसल्यामुळे त्यांना स्वतःला कॅरोसेलवर बसता आले नव्हते, असे सांगतात. ती अट अजून पाळली जाते. तिकीट म्हणून बागेतला कचऱ्याचा एक तुकडा उचलून आणून द्यायचा, अशी गमतीदार प्रथाही तिथे आहे. गावोगावच्या आपल्या जत्रांमधील पाळणेवाल्यांनी ती उचलली, तर यात्रा संपल्यावरचे मैदान बघवेल तरी. सहाही ठिकाणी फेरी मारणाऱ्याला एक बिल्ला मिळतो, आणि या वयाच्या मुलांना त्या बिल्ल्याचे वेड लागते, हे मी आमच्या घरात पाहिले आहे. ही कॅरोसेल फक्त उन्हाळ्यात चालतात, त्यामुळे जुलैचा मुहूर्त योग्यच आहे.

पेनसिल्व्हेनियातील एलिसबर्गजवळच्या क्नोबेल्स या उद्यानात एक जुना खेळ टिकून आहे. बाहेरच्या घोड्यावर बसलेल्याने चालत्या फेरीत हात लांब करून एका दांडीतून कडी ओढून घ्यायची. बहुतेक कड्या लोखंडी असतात, पितळी कडी हाती आली तर पुढची फेरी फुकट. उद्यानात प्रवेशाला आणि गाडी लावायला पैसे पडत नाहीत. पाच वर्षांच्या मुलीचा हात मात्र तिथवर पुरणार नाही, तेव्हा तो पराक्रम मोठ्या बहिणीने किंवा आपणच करावा.

पुढेमागे भारतातून आई-वडील आले आणि रीतीप्रमाणे त्यांना नायगारा दाखवायला निघालात, तर वाट थोडी वाकडी करून नॉर्थ टोनावांडा येथील हर्शेल कॅरोसेल फॅक्टरी म्युझियम पाहावे. कारखान्याच्या मूळ इमारतीतच ते आहे. १९१६ च्या कॅरोसेलवर बसता येते आणि कॅरोसेलवर वाजणाऱ्या वुर्लिट्झर ऑर्गनसाठी कागदाच्या गुंडाळीवर भोके पाडून गाणी कशी ‘लिहीत’, तेही समजते.

निघण्यापूर्वी त्या त्या ठिकाणची वेळ संकेतस्थळावर पाहून घ्यावी, कारण काही कॅरोसेल आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात. धाकटीला चामडी पट्टा लावून आपण शेजारी उभे राहावे. त्यासाठी सहसा वेगळे तिकीट लागत नाही. घरात कोणाला गरगरत असेल, तर त्यांनी रथात बसावे, तो खालीवर होत नाही.